मुक्या सोबत्याचा निरोप

परदेशी बिऱ्हाड केले असता घरातले लाडके कुत्रे वा मांजर निवर्तले, तर शोकाबरोबर विवंचनाही उभी राहते: त्याला अग्नी कोठे द्यावा? जपानात ही चिंता हलकी होते. तेथे पाळीव प्राण्यांसाठी निराळ्या दहनभूमी आहेत. टोकियोतील १६५७ साली स्थापन झालेल्या एकोइन मंदिरात तर प्राण्यांसाठी प्रार्थनाही होते. मात्र दुःखाच्या भरात घाईने होकार देऊ नका. सामुदायिक दहनात अस्थी परत मिळत नाहीत. स्वतंत्र दहन सांगून उपस्थित राहिल्यास, तेथील रीतीप्रमाणे घरच्यांनाच काड्यांनी अस्थी वेचता येतात. त्या वेळी मुलांनाही जवळ घ्या. ज्याने निरोप दिला, ते मूल दाराशी वाट पाहत बसत नाही.