नुसत्या विजयांची बेरीज नको



गेल्या अंकातील लेखाने लुईस हॅमिल्टनला १०५ विजयांच्या जोरावर फॉर्म्युला वनचा सार्वकालिक सर्वश्रेष्ठ चालक ठरवले आणि हुआन मॅन्युएल फँजिओला एका वाक्यात निकालात काढले. कारण काय, तर त्याचे विजय फक्त २४!

ते २४ विजय ५१ शर्यतींतले आहेत, हे लेखात नाही. १९५० च्या हंगामात अजिंक्यपदासाठी ७ शर्यती होत्या, २०२४ मध्ये २४. फँजिओची पाच अजिंक्यपदे अल्फा रोमिओ, मासेराटी, मर्सिडीज आणि फेरारी अशा चार कंपन्यांच्या गाड्यांतून आली. अर्थात, पुढच्या वर्षी कोणाची गाडी सरस ठरणार, हे हेरण्यातही तो पटाईत होता! पण १९५७ ची नुरबुर्गरिंगची शर्यत नुसत्या गाडीने जिंकलेली नव्हे. टायर आणि इंधनासाठी थांबल्यावर तो हॉथॉर्न व कॉलिन्स यांच्या फेरारींमागे जवळपास पाऊण मिनिट पडला. त्या वेळी ४६ वर्षांच्या या गड्याने फेरीचा विक्रम पुन्हापुन्हा मोडत दोघांनाही मागे टाकले.

उलट बाजूही नोंदवायला हवी. त्याचे दोन विजय सहकाऱ्याबरोबर एकच गाडी आळीपाळीने चालवून मिळालेले आहेत. आज तशी मुभाच नाही.

आणि विजयांची बेरीजच प्रमाण मानायची, तर १९५८ चे काय? त्या वर्षी स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एकच. अजिंक्यपद मात्र एका गुणाने हॉथॉर्नकडे गेले. लेखकाने पुढील लेखात मॉसचाही विचार करावा.

– एक वाचक