पाथर्डीची तीन अक्षरे

‘पाथर्डी’ हे गावाचे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते: पा, थ आणि र्डी. संगणक मात्र ते सात खुणांमध्ये साठवतो: प, काना, थ, र, हलन्त, ड आणि दीर्घ वेलांटी. वेब ॲप्लिकेशनमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून चालणाऱ्या प्रणालीत, मराठी नावांच्या ज्या बारीकसारीक अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच या फरकातून निघतात.

प्रत्येक खुणेला एक ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. हे क्रमांक साठवण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणुकीचे एक घर, लागते आणि देवनागरी खुणेला तीन. त्यामुळे रोमन लिपीतले पाथर्डी आठ घरांत मावते, तर देवनागरीतल्या पाथर्डीला २१ घरे लागतात.

आता समजा, ऑनलाइन अर्जाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या साठ्यात, गावाच्या नावासाठी वीसच बाइट ठेवले आहेत. रोमन नाव सहज बसते. मराठी नाव एकतर नाकारले जाते, नाहीतर शेवटची वेलांटी तुटते आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. अर्जदाराला आपले काय चुकले ते कळत नाही, कारण त्याचे काही चुकलेलेच नसते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’चा स्वतंत्र क्रमांक वापरून, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निरनिराळी असतात. एका कागदपत्रात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरे असेल, तर ‘नाव जुळत नाही’ असा शेरा येतो.

तिसरी अडचण अंकांची. जावास्क्रिप्ट या भाषेत अंक तपासण्याची नेहमीची खूण फक्त ० ते ९ यांची रोमन रूपे ओळखते. जमिनीचा गट क्रमांक मराठी अंकांत लिहिला की फॉर्म पुढे सरकत नाही.

या अडचणींची किंमत अर्जदार मोजतो. पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका. इथली अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. दाखल्यासाठी सेतू केंद्रावर, म्हणजे सरकारी अर्ज भरण्याच्या ठिकाणी, दुसरी खेप घालायची म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. पण अर्जच दाखल झाला नाही, तर मुदत मोजायची कुठून?

उपाय अवघड नाहीत. पान, सर्व्हर आणि डेटाबेस या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ठेवावे. नावाच्या रकान्याला ऐसपैस जागा द्यावी. नावे ताडून पाहण्यापूर्वी त्यांची रूपे एकसारखी करून घ्यावीत. मराठी अंक आले तर प्रणालीनेच ते बदलून घ्यावेत. अर्जदाराला परत पाठवू नये.

हे काम किरकोळ म्हणून शेवटी ढकलले जाते, आणि तिथेच चूक होते. प्रणाली बनवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने करारात एक अट घालावी: सुरू करण्याआधी शंभर मराठी नावे भरून दाखवा. त्या यादीत पाथर्डी असावे, कुऱ्हाडेही असावे. ही नावे जशीच्या तशी परत दिसली, तरच प्रणाली तयार झाली असे मानावे.