चेहरा एकटा बोलत नाही

चेहऱ्यावरचे भाव जगात कुठेही, कोणालाही सारखेच कळतात, हे मत आता मानसशास्त्राच्या वर्गापुरते राहिलेले नाही. जानेवारी 2021 मध्ये लखनौ पोलिसांनी एक योजना जाहीर केली. रस्त्यावरच्या स्त्रीच्या चेहऱ्यावर त्रासाची छटा दिसली की कॅमेऱ्याने ती ओळखायची आणि जवळच्या पोलिसांना इशारा द्यायचा, अशी ती कल्पना. अमेरिकेने 2007 पासून प्रवाशांच्या चेहऱ्यावरून आणि हालचालींवरून संशयित हेरणारे अधिकारी विमानतळांवर बसवले. त्यावर सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाल्यावर, 2013 मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितले की ही पद्धत चालते असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराचा चेहरा वाचून गुण देणारी यंत्रेही येऊन गेली. या सगळ्यांचे गृहीतक एकच : भावना आत, तिची खूण चेहऱ्यावर, आणि ती खूण सगळ्या माणसांची सारखीच. हे गृहीतक मला चूक वाटते. शरीराच्या काही हालचाली माणसाला उपजत मिळतात हे खरे. परंतु त्यांतली एकही आपला अर्थ एकटीने पोहोचवत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात मात्र काही हशील नाही. चार्ल्स डार्विनने 1867 मध्ये सोळा प्रश्नांची यादी जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वसाहतींतल्या अधिकाऱ्यांना पाठवली होती. आश्चर्य वाटले की लोक डोळे आणि तोंड उघडून भुवया वर नेतात का, शरमेने चेहरा लाल होतो का, असे ते प्रश्न. छत्तीस उत्तरे आली. 1872 च्या ग्रंथात त्याने निष्कर्ष काढला की मुख्य भावना सगळ्या मानवजातीत सारख्याच रीतीने प्रकट होतात, कारण सगळ्यांचे पूर्वज एकच. गोऱ्यांची आणि काळ्यांची उत्पत्तीच वेगळी, असे सांगणारे विद्वान त्या काळात होते. त्यांच्यासमोर हे विधान करणे ही मोठी गोष्ट होती, आणि तिचा आदर राखूनच पुढचा वाद घातला पाहिजे. नंतर 1960 च्या दशकात पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे लोकांकडे गेले. सिनेमा किंवा सचित्र मासिके न पाहिलेली माणसे गोऱ्या माणसांचे चेहरे ओळखतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचा 1971 चा निबंध आजही या मताचा मुख्य खांब मानला जातो.

तो प्रयोग जवळून पाहावा. प्रौढांपुढे तीन छायाचित्रे ठेवत, मुलांपुढे दोन. मग त्यांच्या भाषेत एक छोटी गोष्ट सांगितली जाई. भीतीची गोष्ट अशी : माणूस घरात एकटा आहे, गावात दुसरे कोणी नाही. घरात सुरी नाही, कुऱ्हाड नाही, धनुष्यबाण नाही. दारात रानडुक्कर उभे आहे, आणि ते आपल्याला चावेल म्हणून माणूस फार घाबरला आहे. आता यातला त्याचा चेहरा कोणता, ते दाखवा. म्हणजे प्रसंग प्रयोग करणाऱ्याने पुरवला, भावनेचे नावही त्यानेच घेतले, आणि उत्तरे तिनांतच अडकवली. गोष्ट रानडुकराची असताना हसरा चेहरा बाजूला सारायला काय लागते? एवढा टेकू देऊनही फोरे प्रौढांना भीतीचा चेहरा आश्चर्याच्या चेहऱ्यापासून वेगळा काढता आला नाही. प्रसंग आधी कळला तर त्याला साजेसा चेहरा माणसे बऱ्याच वेळा निवडतात, एवढेच या प्रयोगातून निघते. चेहऱ्यावरून प्रसंग ओळखता येतो, हे त्यातून निघत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी 1994 मध्ये या दिलेल्या पर्यायांवरच बोट ठेवले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामिबियातल्या हिंबा लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दिली आणि वाटतील तसे गठ्ठे करा एवढेच सांगितले. हसरे, डोळे विस्फारलेले आणि निर्विकार चेहरे बऱ्यापैकी एकत्र आले. राग, दुःख, किळस यांचे अपेक्षित गठ्ठे पडलेच नाहीत.

त्याहून बोलका पुरावा त्याच पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियंड बेटांवरचा आहे. कार्लोस क्रिव्हेली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांना डोळे विस्फारलेला, तोंड उघडलेला तो पाठ्यपुस्तकी भीतीचा चेहरा दाखवला. माद्रिदच्या मुलांनी तो घाबरलेला म्हणून ओळखला; ट्रोब्रियंडच्या मुलांना त्यात राग आणि धमकी दिसली. 2016 साली हे प्रसिद्ध झाले. एकाच चेहऱ्यावरून एका ठिकाणी माणूस पळणार असे वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी तो अंगावर येणार असे वाटते. पोलिसांच्या कॅमेऱ्याने यातले काय मानायचे? मानेच्या खुणांचेही तेच. तान्हे मूल नको असलेल्या स्तनापासून मान फिरवते, त्यातूनच नकाराची मान आली असावी, असे डार्विन सुचवतो. पण बल्गेरियातली, ग्रीसमधली तान्ही मुलेही तशीच मान फिरवतात. मोठेपणी बल्गेरियातली माणसे होकारासाठी मान आडवी हलवतात, तर ग्रीक आणि तुर्क नकारासाठी ती मागे टाकून हनुवटी वर करतात. बाळपणीची हालचाल सगळीकडे एक असूनही खूण एक झाली नाही.

हसू तरी निर्विवाद असेल, असे इथे कोणी म्हणेल. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी 1979 मध्ये बोलिंग खेळणाऱ्यांवर एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. चेंडू घरंगळत नेऊन दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ. निरीक्षक पिनांच्या मागच्या बाजूनेही चेहरे पाहत होते. डाव छान पडला तरी पिनांकडे बघताना खेळाडू क्वचितच हसत. मागे सोबत्यांकडे वळले की हसू फुटे. बार्सिलोनाच्या 1992 च्या ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्यांच्या चित्रफितींतही असेच दिसले. आनंद तर सारा वेळ होता, हसू मुख्यतः समोरच्यांशी नजरानजर होताना आले. म्हणजे हसू आतल्या आनंदापेक्षा समोरच्या माणसाशी अधिक बांधलेले आहे, आणि समोरचा कोण यावर त्याचा अर्थ बदलतो.

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो आणि तोही टाळला पाहिजे. रे बर्डव्हिसल यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हटले की सगळीकडे एकच अर्थ असलेली हालचाल अशी नाहीच, सगळे संस्कृतीने शिकवलेले. हे मलाही मान्य नाही. अथेन्सच्या 2004 च्या स्पर्धांतल्या जूडोपटूंची छायाचित्रे तपासली तेव्हा जन्मांध खेळाडूंच्या चेहऱ्याचे स्नायू जिंकताना आणि हरताना डोळस खेळाडूंसारखेच हललेले दिसले. त्यांनी ते पाहून शिकणे शक्यच नव्हते. विरोधक हाच पुरावा माझ्यावर फेकतील, पण तो हालचाल कशी उपजते याचा पुरावा आहे. पाहणाऱ्याला ती कशी कळते, हा प्रश्न निराळा राहतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी 2000 मध्ये नाट्यशास्त्रातल्या अभिनयाच्या चित्रफिती भारतीयांना आणि अमेरिकनांना दाखवल्या, आणि पर्याय न देताही अमेरिकनांनी बरेच भाव ओळखले. हे मी नाकारत नाही. मात्र तिथे गोठलेला चेहरा नव्हता. हात, मान, नजर, चाल यांसह उलगडणारा अभिनय होता. शिवाय आदल्याच वर्षी जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी भुवनेश्वरात आणि अमेरिकेत केलेल्या अभ्यासात जीभ चावण्याचे छायाचित्र होते. ओडिशातल्या लोकांना त्यातली लाज कळली, अमेरिकनांना नाही. मराठी वाचकाला ती मुद्रा समजावून सांगावी लागत नाही.

आणि नाट्यशास्त्र खरोखर कोणाच्या बाजूने आहे? विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निष्पन्न होतो, असे भरत सांगतो. चेहरा हा यातला अनुभाव; त्याच्या आधी विभाव, म्हणजे प्रसंग, हवा. अश्रूंची कारणे सांगताना तो आनंद, शोक आणि भय यांच्याबरोबर धूर, अंजन, जांभई, थंडी आणि रोगही मोजतो. डोळ्यांतले पाणी पाहून शोक ठरवता येत नाही, हे त्याने मांडून ठेवले आहे. शिवाय आवंती, दाक्षिणात्या, औड्रमागधी, पांचाली अशा चार प्रवृत्ती सांगून देशोदेशींच्या आचारभेदाला त्याने शास्त्रातच जागा दिली आहे.

मग सगळ्यांत समान काय? माझ्या मते, दुसऱ्याचे लक्ष एखाद्या गोष्टीकडे वळवणे. उल्फ लिश्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सात वेगवेगळ्या समाजांतली दहा ते चौदा महिन्यांची मुले पाहिली. बोलता येण्याआधी ती सगळीकडे बोट दाखवत होती. मोठेपणी रूप बदलते. पनामातले कुना आणि लाओसमधले लोक ओठांनीही दाखवतात, न्यू गिनीतले युप्नो नाक मुरडून. पण दाखवणारा आहे, पाहणारा आहे, आणि दोघांच्या मध्ये एक वस्तू आहे, ही मांडणी सगळीकडे तीच. परका माणूस ओठ पुढे काढतो तेव्हा आपण आधी गोंधळतो, मग त्याच्या नजरेच्या दिशेने पाहतो, चुकलो तर तो पुन्हा दाखवतो. परक्या मुलखात माणसांचे जे निभते ते या फेरतपासणीवर.

यंत्रवाले म्हणतील, अजून माहिती भरू, प्रत्येक देशाचे चेहरे वेगळे शिकवू. याने ट्रोब्रियंडची चूक कदाचित सुधारेल, अश्रूंची नाही. धूर की शोक हे चेहऱ्यात नसतेच, आणि खांबावरचा कॅमेरा त्या स्त्रीला विचारत नाही की बाई, काय झाले. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली आहे. आपल्याकडेही कचेऱ्या आणि शाळांसाठी अशीच मनाई हवी, आणि पोलिसांना तर सुरक्षेच्या नावाखालीही सूट नको, कारण तिथे चुकीच्या वाचनाची किंमत निरपराध माणसाला मोजावी लागते.