एकाच कलमातल्या दोन बंदुका

या आठवड्यात बंदुकीबद्दल दोन विचारणा लागोपाठ आल्या आणि दुसरी वाचल्यावर पहिलीचा राग आला. पहिली अलिबागजवळ सासवण्याला बंगला बांधलेल्या मुंबईकर गृहस्थांची. त्यांना परवडणारी पंप ॲक्शन शॉटगन हवी आहे. घराचं रक्षण होईल आणि सवड मिळाली तर शिकारही करता येईल, अशी कोणती घ्यावी, असं ते विचारतात. दुसरं पत्र म्हसळ्याकडच्या एका शेतकऱ्याचं. फासक्यांवरचा माझा लेख वाचून त्यांनी लिहिलंय. डुकरांनी एका रात्रीत वालाचं शेत नांगरल्यासारखं उलथून टाकलं. घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, ती ठासणीची. पावसात दारू सादळते, घोडा पडतो आणि नुसता केप फुटतो. त्यांनी बाराबोर मागितली, तर परवान्याच्या कचेरीत ‘शेतीला ठासणीचीच मिळते’ एवढं सांगून अर्ज परत हातात दिला.

शिकारीचा प्रश्न आधी निकालात काढतो. हौसेच्या शिकारीला या देशात कायद्याने जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि परवान्यावर शिकार करू देणारी त्यातली कलमं १९९१च्या दुरुस्तीने गेली. उभ्या पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. परवानगीने मारलेलं डुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारच्या मालकीचं, त्याचं मटण घरी नेता येत नाही. सासवण्याच्या गृहस्थांनी ही हौस सोडून द्यावी.

आता बंदुकीकडे येतो. शस्त्र अधिनियम १९५९चं कलम १३, पोटकलम ३ मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचलं. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर परवाना द्यावा असं ते कलम सांगतं. पंप ॲक्शन यात बसते. त्याच वाक्यात पुढे शेतीचा उल्लेख येतो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी परवाना द्यावा, मात्र तोंडातून ठासायच्या बंदुकीचा. म्हणजे बंगला राखणाऱ्याला काडतुसाची बंदूक आणि भात राखणाऱ्याला काळ्या दारूची.

हा फरक किती मोठा आहे, हे ठासणीची बंदूक कधी हातात न धरलेल्या माणसाला कळायचं नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. मागच्या निपलवर केप बसवायचा. हे सगळं काळोखात, चिखलात, माळ्यावर बसून. बार एकच. तो नीट लागला नाही तर समोर जखमी डुक्कर आणि हातात रिकामी नळी. सुळेवाला नर जखमी झाला की माणसाच्या मांड्या फाडतो, हे रोहा-मुरुडच्या रानाकडच्या कुठल्याही वाडीत विचारा. त्यात आपली हवा खारी. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि नळी आतून गंजते. शिवाय डुक्कर आलंच नाही, तर ठासलेली बंदूक सकाळी तशीच घरात येते. ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. पोरंबाळं असलेल्या घरात भिंतीला टेकवलेली भरली ठासणी, याहून धोक्याची वस्तू मला माहीत नाही.

एकनळी बाराबोर घ्या. ती मध्ये मोडते, आणि मोडली की नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांना दिसते. काडतूस काढून खिशात टाकलं की बंदूक रिकामी. आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं कोरडी ठेवली तर पावसाळाभर दगा देत नाहीत. पहिला बार हुकला तर दुसरं काडतूस दोन श्वासांत आत जातं. दुनळीत तर ते आधीच तयार असतं. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त काही नको आणि पंप तर मुळीच नको. पंपात नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते, तिच्यात स्प्रिंग. आत काडतूस उरलंय का, हे वरून बघून कळत नाही. सरकणारे भाग जास्त, म्हणजे खारा वारा शिरायला जागाही जास्त. महिनोन्‌महिने तेलपाणी न होणाऱ्या घरात ती अडकणार.

आणि कायद्याने दार बंद केलेलं नाही. त्याच कलमाला परंतुक आहे: शेतीसंरक्षणाला ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देऊ शकतो. हे १९५९ पासून छापलेलं आहे. ‘शेतीला ठासणीचीच’ हे उत्तर अर्धं कलम वाचून दिलेलं आहे, आणि त्याची किंमत म्हसळ्याचा माणूस पिकाने मोजतोय.

सासवण्याच्या गृहस्थांना मी विचारलं, सोमवार ते शुक्रवार बंदूक कुठे असेल? ते शनिवारी मांडव्याला उतरतात आणि रविवारी परत जातात. बंगल्यात माळी असतो. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याची. माळ्याच्या हाती ती देणं हा गुन्हा. बंद घरात ठेवली, तर चोराला टीव्हीपेक्षा मोलाची वस्तू आपणच आणून ठेवल्यासारखं. पंप ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतो, असं त्यांनी कुठेतरी पाहिलंय. तो आवाज आपण कुठे उभे आहोत हेही चोराला सांगतो. आमच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंतीत छर्रे अडकतात. नव्या बंगल्यांतल्या प्लाय आणि जिप्समच्या पडद्यांत ते थांबत नाहीत, आणि पलीकडच्या खोलीत आपलीच माणसं झोपलेली असतात. व्हिडिओत दिसणारी रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० अमेरिकेत सामान्य माणसाच्या खिशाला झेपते. आपल्याकडे परदेशी बंदुकांची अशी खुली आयात नाही. जुन्या, कुणाच्या तरी परवान्यावरून उतरलेल्या बंदुका येतात आणि भाव सांगतील तो. परवडणारं म्हणजे सरकारी आयुध कारखान्यांचा माल. बारमाही इथे राहणारा, बंदूक दर आठवड्याला पुसणारा माणूस असेल तर त्याने तो जरूर बघावा. शनिवार-रविवारच्या मालकाने आवारात उजेड करावा, कुत्रा पाळावा आणि शेजारच्या वाडीशी बोलणं ठेवावं.

ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत एके-४७ सापडल्या, तेव्हापासून किनाऱ्यावर भीती आहे, हे मला मान्य आहे. १९९३ला शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेली स्फोटकं इथे कुणी विसरलेलं नाही. पण त्या भीतीला उत्तर सागरी पोलीस आणि तटरक्षक दल. घरातली बाराबोर नव्हे.

शेतकऱ्याला बाराबोर द्यावी यावर आक्षेप येणार की बंदुका सुधारल्या तर माणसं मरतील. २०२५च्या सुरुवातीला पालघरमध्ये मनोरच्या बाजूला रानात शिकारीला गेलेल्या टोळीने डुक्कर समजून आपल्याच साथीदाराला मारलं. ती बेकायदा शिकार होती, अंधारात, रानात, अनेक बंदुका घेऊन. स्वतःच्या बांधावर परवानगीने बसलेला एक माणूस ही वेगळी गोष्ट आहे. त्याला बंदूक नाकारली तर तो हात जोडून बसत नाही. तो फासकी लावतो, कुंपणात वीज सोडतो, गावठी बॉम्ब पुरतो. फासकीत बिबट्या अडकतो, तारेला शेजाऱ्याची म्हैस चिकटते. केरळने २०२२मध्ये ग्रामपंचायत अध्यक्षांना डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला आणि गोळी परवानाधारकानेच घालायची असं ठरवलं. महाराष्ट्राने हे करून पाहावं. आणि डुकरं वाढली ती पडीक जमिनींमुळे, हे मी पुन्हा लिहिणार. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत विकून कुंपण घातलेले, वर्षानुवर्षं न कसलेले प्लॉट हीच त्यांची दिवसाची लपण आहे. माळ्यावर रात्र काढणारा शेतकरी त्या प्लॉटमालकांच्या डुकरांशी लढतोय.

शेवटचं, निवडणुकांचं. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. कोकणात भात पिकून कापणीला आलेलं असतं तो हाच काळ, आणि तेव्हाच बंदूक पोलीस ठाण्यात जमा असते. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे कुणाचं शस्त्र जमा करायचं ते छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं आहे: जामिनावर सुटलेला, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेला, दंगलीत नाव आलेला. ज्याच्यावर आयुष्यात एक तक्रार नाही, त्या भातवाल्याची बंदूक सरसकट उचलायला त्या सूचना सांगत नाहीत. पुढच्या वेळी लेखी आदेश मागा आणि पावती घ्या.

म्हसळ्याच्या पत्रलेखकाने अर्ज पुन्हा करावा. त्यात कलम १३च्या परंतुकाचा उल्लेख हवा. पीकनुकसानीचे वनखात्याने केलेले सगळे पंचनामे जोडावेत. ठासणीची बंदूक घरात असताना झालेलं नुकसान त्यात तारखेनिशी लिहिलेलं आहे, ती अपुरी असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जोडावं, २०१६च्या नियमांपासून ते लागतं. अर्ज टपालात द्यावा आणि पोच घ्यावी, तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नये. नकार द्यायचा तर कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि त्या कागदावर कलम १८ खाली अपील करता येतं.