मुदत सारखी, संधी नाही
रोबो बांधायला सगळ्यांना सारखेच दिवस दिले की स्पर्धा न्याय्य झाली, असं आयोजकांना वाटतं. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ज्याच्या घरचं वर्कशॉप आहे, त्याला लेझरने कापलेला पत्रा त्याच संध्याकाळी मिळतो. दुर्गम सुरगाणा तालुक्यातल्या पोराचा मोटर ड्रायव्हर बोर्ड जळला, तर नवा कुरिअरने येईस्तोवर निम्मी मुदत सरते. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ रोबोटिक्स स्पर्धेला हीच विषमता वर्षानुवर्षं छळत होती. तिथे बांधणीचे सहा आठवडे संपले की रोबो पिशवीत घालून क्रमांकाचं सील ठोकावं लागे. पैसेवाले संघ मग सरळ दोन रोबो बांधत: एक पिशवीत, दुसरा सरावाला. अखेर २०२०च्या हंगामापासून ते बंधन उठलं. आता यावर कुणी म्हणेल, मुदतच नको. तेही जमायचं नाही; मोकळं रान मिळालं की पोरं सेमिस्टर बुडवून रात्री जागतात आणि ज्यांच्याकडे प्रयोगशाळेची किल्ली आहे तेच पुढे जातात. त्यापेक्षा आशिया-प्रशांत ‘रोबोकॉन’ स्पर्धेकडे पाहा: तिचा विषय महिनोन्‌महिने आधी जाहीर होतो. हा लवकर सांगण्याचा भाग उचलावा. त्याच्या जोडीला खर्चाची कमाल मर्यादा घालावी, सुट्या भागांचा ठरावीक संच द्यावा आणि स्पर्धेच्या जागी दुरुस्तीची हत्यारं सर्वांना खुली ठेवावीत. नाशिकच्या कॉलेजांनी पुढच्या टेकफेस्टचे नियम लिहिताना मुदतीच्या रकान्याआधी खर्चाचा रकाना भरावा.