आजीच्या आंघोळीचे पाणी

बालरोगतज्ज्ञाने गुडघेदुखीवर लेखणी चालवावी, हे आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना कदाचित रुचणार नाही. परंतु माझ्या दवाखान्यात बाळ येते ते बहुधा आजीच्या कडेवर, आणि बाळाची तपासणी संपली की "डॉक्टर, माझ्या गुडघ्यांचं काय?" हा प्रश्न ठरलेलाच असतो.

आपल्यापैकी अनेकांचे नातेगोते घाटाखाली आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी येथील ऊन पाण्याच्या कुंडांची ख्याती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी माझी आई राजापूरला चार दिवस कुंडस्नान करून आली आणि "गुडघे हलके झाले" म्हणाली. मी ते श्रद्धेच्या खाती टाकून हसण्यावारी नेले. ते माझे चुकलेच.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता पायांवरील भार सुमारे निम्म्यावर येतो, गळ्याइतक्या पाण्यात तो सुमारे एकदशांश उरतो. उष्णतेने त्वचेच्या व स्नायूंच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, आखडलेले स्नायू सैल होतात. मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, उष्ण स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट काही अंशी अडवतात. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये झिजलेली कूर्चा मात्र कोणत्याही कुंडात पुन्हा भरून येत नाही.

पुरावाही असाच संयत आहे. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात ७ चाचण्या व ४९८ रुग्ण होते. खनिजजलस्नानाने उपचार न घेणाऱ्यांपेक्षा काहीसा लाभ दिसला, पण चाचण्यांचा दर्जा बेताचा होता. पाण्यातील व्यायामावरील २०१६ च्या आढाव्यात १३ चाचण्या व ११९० रुग्ण होते. वेदना व हालचाल यांत अल्प, अल्पकालीन सुधारणा आढळली. म्हणजे लाभ खरा, पण मर्यादित. म्हणूनच महागडी 'स्पा पॅकेजे' घेऊन गुडघे नवे होतील, ही आशा कोणी विकू नये; आणि आपणही आजींची थट्टा करू नये.

थट्टेची किंमत मी मोजली आहे. मी लक्ष देत नाही असे पाहून आईने घरीच कढत पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसण्याचा नेम धरला. तिला अनेक वर्षांचा मधुमेह. तळपायांची संवेदना मंदावलेली. पाणी किती कढत आहे हे तिला कळलेच नाही. पायावरचे फोड भरून यायला दोन महिने लागले. वेळीच दोन शब्द सांगितले असते तर हे टळले असते.

म्हणून मित्रहो, कुंडावर निघालेल्या आजींना अडवू नका. त्यांना सूचना द्या. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत. हृदयविकार किंवा पायावर जखम असल्यास आधी विचारावे. पाण्यात दहा-पंधरा मिनिटेच बसावे, सावकाश उठावे, सोबत कोणी असावे. परतल्यावर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम व चालणे चालू ठेवावे. टिकाऊ गुण त्यांचाच. आपल्या जुळ्या शहरांतील जलतरण तलावांवरही ज्येष्ठांसाठी राखीव वेळ आणि हाताला धरायला कठडा असावा, असा आग्रह आपल्या संस्थेने धरावा.

नातवाला न्हाऊ घालताना आजी आधी स्वतःचे कोपर पाण्यात बुडवून पाहते. तिच्या पाण्यात कोपर बुडवून पाहणारेही घरात कोणीतरी असावे.