एक छप्पर, वेगळ्या चुली

सर रॉबर्ट जॅक्सन या ऑस्ट्रेलियन प्रशासकाने १९६९ साली संयुक्त राष्ट्रांना एक अहवाल सादर केला. गरीब देशांत विकासाचे काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची कुवत किती, हा त्याचा विषय होता. निष्कर्ष कडक होता. हे यंत्र अवाढव्य झाले आहे, सरकारांना ते आवरत नाही आणि त्याला स्वतःलाही स्वतःवर ताबा ठेवता येत नाही, असे जॅक्सन यांनी सांगितले. प्रत्येक देशात एकच आराखडा असावा, एकच प्रमुख असावा आणि पैसा एकाच तिजोरीतून यावा, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर सुधारणांच्या अनेक लाटा आल्या. आराखडा आला, प्रमुखही आला. तिजोरी मात्र एक झाली नाही, आणि सगळे दुखणे तिथेच आहे.

जॅक्सन हे पुस्तकी माणूस नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कैरोतील मिडल ईस्ट सप्लाय सेंटरची सूत्रे त्यांच्याकडे होती. मध्यपूर्वेतल्या प्रत्येक प्रदेशाला धान्य, खते, औषधे हवी होती आणि जहाजे तर युद्धात गुंतलेली. कोणत्या बंदराला कोणता माल आणि किती, हे ते केंद्र ठरवत असे. त्याच्या शब्दाला वजन होते, कारण जहाजावरची जागा त्याच्या हातात होती. ज्याच्या हाती वाटप, त्याचेच लोक ऐकतात, हा धडा जॅक्सन तिथे शिकले असावेत.

संयुक्त राष्ट्रांची घडणच मुळात सवत्या सुभ्यांची. आंतरराष्ट्रीय तार संघटना १८६५ची, टपाल संघटना १८७४ची, कामगार संघटना १९१९ची. म्हणजे काही भावंडे आईपेक्षा वयाने मोठी. अन्न व कृषी संघटनेचा कारभार रोमहून चालतो, आरोग्य संघटनेचा जिनिव्हाहून. रोमला कृषिमंत्री जातात, जिनिव्हाला आरोग्यमंत्री. सरकार एकच, पण रोममध्ये ते एक बोलते आणि जिनिव्हात दुसरे. त्यामुळे संस्था आपसांत भांडतात असे म्हणून हात झटकणाऱ्या सरकारांनी आपल्याच मंत्रालयांकडे पाहावे. भांडणाचे मूळ तिथे सापडेल.

तरीही भागीदारी जमते, आणि उत्तम जमते. त्याचा एक पुरावा पुण्याजवळ उभा आहे. पिंपरीची एच.ए., म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. पेनिसिलिन तेव्हा आयात करावे लागे आणि महाग पडे. १९५४ साली भारत सरकारने ही कंपनी स्थापली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ आणि तांत्रिक सल्ला दिला; जमीन, इमारत आणि चालवण्याची जबाबदारी भारताची. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या व्यवहारात कोणी काय आणायचे हे आधी ठरले होते, आणि कारखाना कोणाचा याबद्दल शंका नव्हती. त्यानंतरच्या काळात ‘समन्वय’ या नावाने किती समित्या बसल्या, पण इतकी स्वच्छ वाटणी फारच थोड्या ठिकाणी दिसली.

१९७१चा प्रसंग याहून मोठा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. महासचिव ऊ थांट यांनी निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तांना, म्हणजे सदरुद्दीन आगाखान यांना, संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या मदतीचा केंद्रबिंदू नेमले. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, आरोग्य संघटना या सगळ्यांनी त्यांच्यामार्फत यायचे होते. छावण्या चालवण्याचे काम मात्र भारत सरकारने स्वतःकडे ठेवले. बाहेरून आलेली मदत खर्चाच्या मानाने अपुरी होती. उरलेला भार देशाने उचलला. त्या नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. कोकणातल्या गावातून मुंबईला पाठवलेल्या पाकिटावरसुद्धा. ही वर्गणी सामान्य माणसाने भरली आहे, हे आजच्या चर्चेत फार कमी आठवले जाते.

१९७१चे युद्ध संपल्यावर नव्या बांगलादेशात मदतकार्याची धुरा याच जॅक्सन यांच्याकडे आली. चितगाव आणि चालना ही बंदरे बुडालेल्या जहाजांनी अडली होती. धान्याची मोठी जहाजे आत येईनात, म्हणून माल लहान बोटींवर उतरवून नद्यांमधून आत न्यावा लागला. कोणत्या गोदामात किती साठा, पुढचे जहाज कधी, देणगीदार देश कोणता, हा जमाखर्च एका जागी ठेवल्याशिवाय हे काम झालेच नसते. अहवालात जे मागितले ते जॅक्सन यांना तिथे काही काळ प्रत्यक्ष करायला मिळाले.

उलट टोक पाहायचे तर १९९४च्या जुलैमधले गोमा. रुआंडातून काही दिवसांत लाखो माणसे सीमेपलीकडे या गावी आली. जमीन ज्वालामुखीच्या कातळाची. शौचालयाचे खड्डे खणता येईनात, थडगीही खणता येईनात. कॉलरा पसरला आणि जवळपास पन्नास हजार माणसे दगावली. मदत कमी नव्हती. कितीतरी संस्था येऊन धडकल्या, प्रत्येकीचा झेंडा वेगळा, गाड्या वेगळ्या. पाणी कोणी आणायचे, कोणी वाटायचे, कोणी राखायचे हे सांगण्याचा अधिकार कोणालाच पुरेसा नव्हता. पुढे अनेक देशांनी मिळून केलेल्या मूल्यमापनाने हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. बारभाईंच्या कारभाराची किंमत तिथे माणसांच्या प्राणांनी मोजली गेली, आणि माझ्या मते ती क्षम्य नाही.

२००६ साली पाकिस्तानचे शौकत अझीझ, मोझांबिकच्या लुइसा दिओगो आणि नॉर्वेचे येन्स स्टोल्टेनबर्ग यांच्या समितीने पुन्हा जॅक्सन यांचाच सूर लावला: एक नेता, एक कार्यक्रम, एक अर्थसंकल्प, एक कार्यालय. आठ देशांत प्रयोग सुरू झाला. व्हिएतनामने तो मनावर घेतला, कारण तिथल्या सरकारला डझनभर कार्यालयांशी वेगवेगळे करार करण्याचा कंटाळा आला होता. हनोईत जुन्या इमारतीची डागडुजी करून २०१५ साली एकत्र वास्तू उघडली. एक छप्पर मिळाले, पण चुली वेगळ्याच राहिल्या. हिशेबाची पद्धत प्रत्येक संस्थेची वेगळी, खरेदीचे नियम वेगळे. एका संस्थेचा चालक दुसरीच्या कामाला पाठवायचा तर करारपत्र, बिल आणि वर प्रशासकीय आकार. स्थानिक प्रमुखाने तडजोड केली तरी त्याची बढती मुख्यालयाच्या हाती.

२०१८ साली महासभेने मोठे पाऊल टाकले. १ जानेवारी २०१९पासून निवासी समन्वयक, म्हणजे देशातल्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा प्रमुख, हे पद संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमापासून वेगळे काढून थेट महासचिवांना जबाबदार केले. विकास कार्यक्रमाचाच माणूस इतर संस्थांचा पंच असे, ही जुनी तक्रार मिटली. खर्च भागवायला तीन वाटा ठरल्या: संस्थांचा दुप्पट केलेला वाटा, विशिष्ट कामासाठी राखीव ठेवलेल्या देणग्यांवर एक टक्का आकार आणि स्वेच्छेच्या देणग्या. तिसरी वाट पहिल्यापासून आटत राहिली. समन्वय हवा असे सगळेच देश भाषणात म्हणतात. पण शाळा किंवा लस यांवर आपल्या देशाचे नाव झळकते, समन्वयकाच्या टेबलावर झळकत नाही. म्हणून तिथे पैसा येत नाही.

आता २०२५पासून देणग्याच झपाट्याने घटल्या आहेत आणि महासचिवांनी यूएन८० या नावाने छाटणी व विलीनीकरणाची मोहीम उघडली आहे. कार्यालये एकत्र होतील, भाडे वाचेल, पहारेकरी, जनरेटर आणि मोटारी सामाईक होतील. हे व्हायलाच हवे होते, वीस वर्षांपूर्वी. पण बचतीच्या धास्तीने केलेली जुळवाजुळव म्हणजे समन्वय असा समज कोणी करून घेऊ नये. छोट्या देशात उरलेल्या एकमेव समन्वयकाच्या हाती ना निधी, ना कोणाला नाही म्हणण्याचा अधिकार, अशी अवस्था झाली तर पुढच्या गोमाला पुन्हा झेंड्यांचीच गर्दी पोचेल.

भारताला या विषयात बोलण्याचा हक्क आहे. पेनिसिलिनचा कारखाना आपण या संस्थांच्या साह्याने उभा केला, एक कोटी निर्वासितांचा भार आपण उचलला, आणि आज मदत देणाऱ्यांच्या रांगेतही आपण आहोत. निवासी समन्वयकांचा पूर्ण खर्च सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून भागवावा आणि प्रत्येक देशातील मदतीचा ठराविक हिस्सा त्यांच्या हाती द्यावा, ही मागणी भारताने महासभेत मांडावी, आणि मांडताना आपला वाटा आधी जाहीर करावा.